कसें लागलें तें सांग

वन्सं, एक विचारायचं राहून गेलं.

काल तुमचा तेरावा झाला. पानं उठली, पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं तिरुविडैमरुदूरला परत गेले, आणि आज तुमची चटई मी उन्हात टाकली. गल्लीतल्या बायका येतात, माझ्यापाशी बसतात, तुम्ही किती सोशिक होतात, किती पुण्यवान होतात असं काहीबाही बोलतात. मी मान डोलावते. पण खरं सांगू का? हे तेरा दिवस माझ्या डोक्यात रडण्यापेक्षा एक प्रश्नच जास्त घोळत होता. माझी कावू तुमच्यापाशी जेवायची ती कशी? तुम्ही करत होतात तरी काय?

हसू नका. तुम्ही गेल्यापासून पोरीला अन्न नको झालंय. सहा वर्षांची मुलगी, दोन घास दहीभात घेते आणि पानावरून उठते. अंगात ताप नाही. वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, ‘हिला कांहीं झालें नाहीं’ म्हणाले आणि आल्याचा पाक देऊन गेले. पण तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत वर सरकतात. काल पंगतीत सगळं गोडधोड वाढलेलं, आणि ही पानावर नुसती बोटं फिरवत बसली. गोवरानंतर हिला आपण जवळजवळ गमावली होती, ते दिवस मला परत दिसायला लागले. मी घाबरले आहे, वन्सं. म्हणून विचारते.

तुम्हाला कधी घाई नसायची, मला नेहमीच असते. आज मी तुमच्या चालीनं जाणार आहे, एकेक आठवत.

गोवर उतरला तेव्हा कावू तीन वर्षांची होती. हाडं आणि डोळे, एवढंच उरलं होतं तिचं. काही दिलं की तोंड घट्ट मिटायची. मग मी तिला गुडघ्यांत धरायची, नाक दाबायची आणि बोंडल्यानं पेज घशात ओतायची. ती ओकायची. मी रडायची, ती रडायची, आणि तुमचे भाऊ पगडी घालून कचेरीत निघून जायचे. तुम्ही मागच्या पडवीत तुमच्या वेगळ्या चुलीशी बसून हे बघत होतात. महिनाभर बघितलंत. सोवळ्या बाईनं भावजयीच्या संसारात तोंड घालू नये, हे तुम्हाला दहाव्या वर्षी, कुंकू पुसलं तेव्हाच शिकवलं होतं आणि तुम्ही ते विसरला नव्हतात. मग एक दिवस उंबऱ्यापाशी येऊन म्हणालात, ‘‘राधे, पोर मज दे. तिसऱ्या प्रहरापुरती.’’

‘‘काय खाऊ घालणार वो तिला?’’ मी विचारलं.

‘‘कांहीं नाहीं. खेळूं आम्ही.’’

मला राग आला होता, आज कबूल करते. पोर मरायला टेकली आहे आणि ह्या खेळणार! पण माझे हातही थकले होते, म्हणून दिली.

तुम्ही तिला तिण्णैवर नेलंत. रस्त्याकडच्या त्या ओट्यावर आधीच गल्लीतली चार-पाच मुलं गोट्या खेळत असायची, त्यांनाही गोळा केलंत. तुमच्या जुन्या आलवणाची शिवलेली एक पिशवी होती, तांबडी, विटलेली. तिच्यात काहीतरी टाकून तुम्ही ती मुलांपुढे धरायचात. हात घालायचा, बघायचं नाही, आणि नाव घ्यायचं नाही. जो नाव घेईल तो बाद. हाताला काय वाटलं तेवढंच सांगायचं. मी आत खिडकीशी सूप घेऊन बसले. तांदूळ निवडण्याचं निमित्त, पण खडा एकही दिसत नव्हता, सगळं लक्ष बाहेर. मुलं सांगत होती: गुळगुळीत आहे, टोचतें, लहान आहे. कावूनं हात घातला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग हळूच म्हणाली, ‘‘आपल्या वासराचें नाक.’’ पिशवीत जायफळ होतं. तुम्ही ते तिच्या हातातून घेतलंत, स्वतः चाचपून पाहिलंत आणि म्हणालात, ‘‘होय की गो! एवढी वर्षें उगाळलें, मज कधीं कळलें नाहीं.’’

त्या दिवशी तिनं काही खाल्लं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती आपणहून तुमच्या पडवीत जाऊन उभी राहिली.

अप्पळमचा, त्या उडदाच्या पापडांचा, दिवस मला कधी विसरता यायचा नाही. आधी तुम्ही सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलंत आणि मला आतून तळायला सांगितलंत. मोहरी कुठली, अप्पळम कुठला, कढईत पडलेला पाण्याचा थेंब कुठला, हे कानानं ओळखायचं. मग प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा दिलात आणि दोन्ही कानांत बोटं घालून चावायला लावलंत. सहा पोरं भिंतीकडे तोंड करून, कानांत बोटं घालून बसलेली, आणि मागून जाणारा तांब्याभांड्यांचा कासार डोक्यावरच्या ओझ्यासकट थांबून बघतोय! कावू ओरडली, ‘‘आत्या, डोक्यांत मेघ गडगडतो!’’ आणि अजून एक मागितला. मग आणखी एक. चार अप्पळम खाल्ले तिनं. गोवरानंतर पोटात घन असं काही गेलं ते तेव्हा. मी सूप खाली ठेवून देवापुढे जाऊन हात जोडले.

आपल्या घरात खाण्याच्या गप्पांना कधी तोटा नव्हता. तंजावरचं राज्य कंपनीनं खालसा केलं तेव्हा पणजोबा राजवाड्याच्या मुदपाकखान्यावर कारभारी होते. राज्य गेलं, मुदपाकखाना गेला, गप्पा तेवढ्या उरल्या. तुमचे भाऊ गोऱ्या साहेबाच्या कचेरीत दिवसभर माना मोडून लिहितात आणि घरी येऊन राजांच्या पंगतीतल्या साठ पदार्थांची नावं म्हणतात. तुम्ही एकदा आतल्या दारामागून मला म्हणालात, ‘‘साठ नांवें पाठ आहेत, पण अंधारांत हातीं दिलें तर तूर कोणती, चणा कोणता, हें सांगता यायचें नाहीं त्याला.’’ आपण दोघी पदर तोंडात कोंबून हसलो होतो. तुम्ही इतक्या वात्रट आहात हे गल्लीतल्या कुणाला ठाऊक आहे? त्यांना तुमचं सोवळं ठाऊक.

आंबटांचं कुटुंब तर तुमचीच करणी. चिंच, लिंबू, कैरी, ताक, आवळा, सगळं वाट्यांतून मांडायचं, जिभेच्या टोकाला लावायचं आणि ठरवायचं, कोण कोणाचं कोण. चिंच सासरा झाली, कारण ती आधी रागावते आणि मग बराच वेळ तोंडात राहते. लिंबू दीर, येतो आणि जातो. ताक आजी. आवळ्यावरून मुलांची मारामारी झाली. तो आधी तुरट, आणि वर पाणी प्यायलं की गोड, मग त्याला बसवायचं कुठं? शेवटी कावूनं निकाल दिला की आवळा म्हणजे माहेरी आलेली आत्या. तुम्ही आवळ्याची वाटी आपल्याकडे ओढलीत. मग म्हणालात, ‘‘बरें. पण पाणी मागाहून प्या.’’ मुलांना वाटलं तुम्ही खेळातलंच सांगताय. खिडकीमागं माझ्या हातातलं सूप मात्र थांबलं होतं.

आणि साक्कोट्टैच्या देवळाची वाट. शिवाच्या दर्शनाला जाते म्हणून तुम्ही निघालात आणि मुलांची रांग मागं. मी कावूला कडेवर घेऊन आले होते. पोरांना विचारलंत, भात कुठून येतो? एकजण म्हणाला, पोत्यांतून. तुम्ही कुणाला हसला नाहीत. शेताच्या बांधावर उभं करून, कुळाला विचारून, हिरव्या ओंबीतला एकेक दाणा सगळ्यांच्या हातावर ठेवलात. नखानं दाबला की त्यातून दूध येत होतं. तो जिभेखाली धरायचा आणि देवळापर्यंत गिळायचा नाही. कधी नव्हे ती सगळी वाट शांत! देवळाच्या पायरीवर कावूनं तोंड उघडून दाखवलं, दाणा तिथंच. ‘‘कसें लागलें?’’ तुम्ही विचारलंत. ती म्हणाली, ‘‘आधीं पाण्यासारखें. मग गवतासारखें. आतां माझ्यासारखें.’’

तुम्ही ‘खा’ असं कधी म्हणाला नाहीत, हे मला फार उशिरा लक्षात आलं. मी दिवसातून वीस वेळा म्हणते. तुमचा एकच प्रश्न असायचा, कसें लागलें तें सांग, आणि विचारून झालं की तुम्ही इतक्या लक्षपूर्वक ऐकायचात, मान कलती करून, जणू पोर तुम्हाला काशीचं वर्तमान सांगते आहे. दोन वर्षांत कावू पडवळसुद्धा खायला लागली. माझ्या हातचं पडवळ, पण पान घेऊन जायची तुमच्या पडवीच्या पायरीवर.

आता त्या द्वादशीकडे यावंच लागेल.

आषाढातली एकादशी होऊन गेली होती आणि द्वादशीचं पारणं आपल्या घरी होतं. भजनी मंडळींतले चाळीसजण, आदल्या दिवसाचे कडकडीत उपाशी. रात्रभर विठ्ठलाचं भजन करून आलेले, आवाज बसलेले. त्या दिवशी द्वादशी सकाळीच संपत होती, म्हणून मी पहाटेपासून ओलेत्यानं रांधत होते. नैवेद्याचं पातेलं देवापुढे नेऊन ठेवलं, शेवयांची खीर काठोकाठ. आपल्यात नैवेद्याआधी अन्न चाखायचं नाही, त्याचा वासही घ्यायचा नाही. मी कधी घेतला नाही. रांधताना मान बाजूला वळवायची, ही सवयच लागून गेली आहे. आणि तेवढ्यात कावू, तुमची शिष्या, पातेल्यावर ओणवी झाली, डोळे मिटले, छाती भरून वास घेतला आणि चाळीस उपाशी माणसांसमोर खणखणीत आवाजात सांगितलं, ‘‘ह्यांत वेलची नाहीं. खायचा कापूर आहे, पच्चकर्पूर. फार आहे.’’

मग जो कल्लोळ उठला! खीर उष्टी झाली. देवाला कशी दाखवायची? नवं दूध आणायला माणूस धावला. तिथी टळू नये म्हणून सगळ्यांनी तुळशीचं तीर्थ घेऊन नावापुरतं पारणं सोडलं आणि भिंतीला टेकून बसून राहिले. एक म्हातारे स्वामी म्हणाले, ‘‘पोरीस कोणी शिकविलें हें?’’ सगळ्यांच्या माना मागच्या पडवीकडे वळल्या. तुमचे भाऊ लाजेनं काळेठिक्कर पडले. नवं दूध आलं आणि मी दुसरी खीर केली.

मंडळी गेल्यावर मी पडवीत आले. तुम्ही काही बोलायच्या आत म्हणाले, आता पुरे, पोर उद्यापासून इथं येणार नाही. तुम्ही म्हणालात, ‘‘राधे, ती चुकली, खरें. नैवेद्याचा वास घ्यायचा नाहीं हें मीच सांगायला हवें होतें. माझीच चूक ती.’’ एवढ्यावर मिटलं असतं. पण तुम्ही पुढं विचारलंत, अगदी सरळ, कुतूहलानं, ‘‘पण कापूर फार होता काय?’’

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, ‘‘तुम्हांस लेकरूं असतें तर कळलें असतें.’’

वन्सं, हे वाक्य मी उच्चारलं. तुम्ही पिशवी घडी घालून खुंटीला लावलीत आणि चुलीतली लाकडं मागं ओढलीत. त्या दिवशी तुमचं एकवेळचं अन्नही शिजलं नाही.

कापूर फार होता. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या खिरीत मी तो निम्म्यानं कमी घातला, आणि तेच म्हातारे स्वामी तीनदा मागून घेऊन जेवले. मला त्याच क्षणी कळलं होतं. पोर बरोबर होती, तुमचा प्रश्न बरोबर होता, आणि मी मात्र तुम्हाला वर्मी मारून बसले होते. रोज ठरवायची, आज जाऊन सांगू. मग वाटायचं, त्यांनी आधी बोलावं. दोन महिने मी पडवीच्या दारातून मागं फिरत राहिले. कावूला मी समोर बसवून जेवायला घालत होते, ती मुकाट गिळत होती, आणि मला वाटत होतं सगळं ठीक आहे. मग तुम्हाला ताप आला. पाचव्या दिवशी तुम्ही आमच्यात नव्हतात. तापात मी तुमचे पाय चेपले, तोंडात पाणी घातलं, सगळं केलं, आणि तेवढं एक वाक्य परत घ्यायला माझी जीभ उचलली नाही. आज घेते. ऐकू येत असेल तर ऐका.

तुम्ही गेलात आणि कावू मुकाट गिळायचीही बंद झाली.

मी तुमचे खेळ खेळून पाहिले. हो, मी! सुतकात दुसरं काम तरी काय होतं? आठव्या दिवशी खुंटीवरची पिशवी काढली, तूरडाळ घातली आणि तिच्यापुढे धरली. तिनं हात घातला आणि म्हणाली, ‘‘तूर.’’ मी म्हटलं, नाव नाही घ्यायचं, कशी आहे सांग. तिनं हात काढून घेतला. अप्पळम तळले, भिंतीकडे तोंड करून बसवलं. बसली. कानांत बोटं घातली. तुकडा हातात तसाच. लिंबू आणि ताक मांडलं, तिनं ढुंकून पाहिलं नाही. काय चुकत होतं माझं? तीच पिशवी, तीच मुलगी, तोच ओटा. तुम्ही कुठला शब्द जास्त टाकत होतात? मी खिडकीमागून ऐकलेलं सगळं मनात उलटंसुलटं करून पाहिलं, पाककृतीत एखादा जिन्नस राहून जावा तसं काहीतरी निसटत होतं.

शेवटी आज सकाळी मी तिलाच विचारलं. दोशांचं पीठ दळून ठेवलेलं होतं, तवा तापत होता, घरात आम्ही दोघीच. मी म्हटलं, ‘‘कावू, आत्यासवें खेळायचीस. मजसवें कां नाहीं?’’

ती म्हणाली, ‘‘तुज ठाऊक असतें.’’

‘‘काय ठाऊक असतें?’’

‘‘सगळें. पिशवींत काय आहे तें. कसें लागतें तें. मग मज कशास विचारतेस?’’

‘‘मग आत्यास ठाऊक नव्हतें होय?’’ मी जरा हसतच विचारलं.

‘‘नाहीं,’’ ती म्हणाली. ‘‘आत्यानें कुठें खाल्लें होतें?’’

मग तिनं सांगितलं. तुमच्या भावांसाठी मी मागल्या अंगणात वेगळ्या चुलीवर छोट्या कांद्यांचं सांबार करते. तुम्ही जन्मात कांदा चाखला नव्हता. लहानपणी घरात येत नव्हता, आणि दहाव्या वर्षानंतर कुणी देणार नव्हतं. तुम्ही कावूला म्हणायचात, जा, जेवून ये, आणि मज सांग. ती पहिल्यांदा आली आणि म्हणाली, चांगलें आहे. तुम्ही म्हणालात, एवढ्यानें माझ्या तोंडीं कांहीं आलें नाहीं, पुन्हा जा. ती पुन्हा गेली, पुन्हा चावलं, हळूहळू, शब्द शोधत. वरचं साल दातांवर सरकतं, आतून गोड पाणी येतं, आणि शेवटी नाकात थोडं चुरचुरतं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, ‘‘आतां आलें.’’ पडवळाचंही तसंच, चातुर्मासात तुम्हाला वर्ज्य असायचं म्हणून. वांग्याचंही. रात्रीच्या गरम भाताचंही, कारण रात्रीचा भात तुम्ही दहाव्या वर्षापासून जेवला नव्हता. माझी पोर तुमच्या वाटचं जेवत होती, वन्सं. चव नीट सांगता यावी म्हणून घास चाळीसदा चावत होती. आणि मी खिडकीत बसून समजत होते की तुम्ही तिला युक्तीनं भरवताय!

मी पीठ ढवळायचं विसरले. ती तव्याकडे बघत होती.

‘‘आतां खाऊन कोणास सांगूं?’’ ती म्हणाली.

मला वाटलं, मला सांग म्हणावं. पण ते खोटं ठरलं असतं, तिला लगेच कळलं असतं. मी शोधू लागले, मला काय ठाऊक नाही? पंधरा वर्षं ह्या चुलीशी आहे, माझ्या हातून काय सुटलंय? आणि मग हात आपोआप तव्यावर फिरला, पीठ चर्रकन वाजलं, आणि मला सापडलं. हे आधी जेवतात. मग पाहुणे, मग मुलं. माझ्या पानावर येतो तो शेवटचा, गार, चामट. तव्यावरून उतरल्या उतरल्या दोसा कसा लागतो ते मी माहेर सोडल्यापासून विसरून गेले आहे.

तिला मी तसंच सांगितलं. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं, खरं बोलते आहे की खेळते आहे. ‘‘कधींच नाहीं?’’

‘‘कधींच नाहीं गो.’’

तिनं पान पुढं ओढलं. पहिला दोसा तिनं कडेकडेनं खाल्ला आणि म्हणाली, कड आधीं मोडते, मग विरते. दुसऱ्याचा मधला भाग: तिथें भोकें आहेत, त्यांत तूप लपून बसतें, जिभेस भाजतें पण सोडवत नाहीं. तिसऱ्याच्या वेळी ती दोन्ही डोळे मिटून नुसती चावत राहिली, आणि माझे डोळे भरून आले. तेरा दिवसांनी पोर जेवत होती. मी मान कलती करून ऐकत होते. तुमच्यासारखी. मुद्दाम नाही, आपोआप तशी कलली.

चौथा मी पानावर घातला तर तिनं तो सबंध माझ्याकडे सरकवला. ‘‘आतां तूं.’’

‘‘अगो, हे अजून यायचे आहेत, मी कशी...’’

‘‘डोळे मीट,’’ ती म्हणाली. ‘‘आणि नांव घ्यायचें नाहीं. कसें लागलें तें सांग.’’

मी डोळे मिटले. वन्सं, पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी चुलीसमोर बसून ऊन ऊन घास तोंडात घातला. कड मोडली. तूप भाजलं. आंबट आलं, मागून उडदाचं खरपूस आलं. आणि मग काहीतरी यायला हवं होतं ते आलंच नाही. मी पुन्हा चावलं. डोळे उघडले.

‘‘मीठ कमी आहे,’’ मी म्हणाले.

‘‘रोजच असतें,’’ कावू म्हणाली.

सारातही? सारातही. भाजीत? भाजीत तर फारच. मोठी माणसं पानाच्या कोपऱ्यातलं मीठ न बोलता लावून घेतात, मीही गार घासाला घाईत तसंच लावून गिळते, आणि मी चाखल्याशिवाय रांधणारी बाई, पंधरा वर्षं सगळ्यांना अळणी वाढते आहे.

‘‘मग सांगितलें कां नाहींस?’’ माझा आवाज चढला, जुन्या सवयीनं.

ती घाबरली नाही. माझ्या पानातला तुकडा मोडून घेत म्हणाली, ‘‘तूं विचारलेंस कुठें?’’

मी उठले, पिठात मीठ घातलं, आणि तवा पुन्हा पुसून घेतला.